काळ्या बंपरांचं पार्लर

मंगलताई माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्या गाडीला हात लावत. रंगाला नाही आणि काचेलाही नाही. बंपरचा, आरशाखालचा, दाराच्या तळाशी असलेल्या पट्टीचा जो काळा प्लास्टिकचा भाग असतो, त्यावरून त्या अंगठा ओढत आणि तो अंगठा मालकाच्या नाकासमोर धरत. अंगठ्यावर पांढुरकी भुकटी आलेली असे. "हे बघा, पावडर लावून बसलीय तुमची गाडी," असं त्या म्हणत. समोरचा माणूस ओळखीचा आहे की नाही, याची त्यांना फिकीर नसे.

आमची ओळख अशीच झाली. मी कॉलेजच्या वाचनालयातून घरी आले होते आणि मीरा रोडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक अनोळखी बाई माझ्या जुन्या गाडीसमोर उकिडव्या बसल्या होत्या. काही हरवलंय का, असं मी विचारलं. त्यांनी अंगठा वर केला आणि हा रंग आधी कोणता होता ते विचारलं. मी म्हणाले, राखाडी. इतकी वर्षं तो तसाच होता की दुसरा रंग असेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं. त्या अशा हसल्या की वॉचमनने खुर्चीतून मान वळवली.

"मॅडम, राखाडी जन्मली नाही ही. उन्हानं केलीय. रविवारी काय करताय?"

मंगल वाघमारे आमच्या बी विंगमध्ये लेकीकडे नुकत्याच राहायला आल्या होत्या. मूळच्या नांदेडकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि नया नगरजवळच्या एका गल्लीत त्यांनी ब्युटी पार्लर उघडलं. निकाहाच्या नवऱ्या, कोकणातल्या नवऱ्या, गुजराती नवऱ्या, सगळ्या त्यांच्या खुर्चीत बसून गेल्या. दोऱ्याने भुवया कोरण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं त्या स्वतःच सांगत आणि लगेच, "मी सांगतेय म्हणून नाही, कुणालाही विचारा," असंही म्हणत.

मग त्यांचे हात थरथरू लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थरथर कमी झाली पण गेली नाही. एके दिवशी एका मुलीची अर्धी भुवई दोऱ्यासरशी उडाली. ही गोष्ट त्यांनी मला पुष्कळदा सांगितली, दर वेळी त्याच जागी थांबून. "ती ओरडली असती तर चाललं असतं हो. तिनं माझी पाठ थोपटली." त्याच आठवड्यात त्यांनी पार्लरचं शटर ओढलं. लेकीच्या घरी बसून भाजी निवडणं त्यांना जमेना. कोणी चहाचा कप अर्धाच भरून हातात दिला की त्यांचा चेहरा पडे.

जावयाच्या गाडीवर त्यांना नवं काम सापडलं. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत त्यांनी पाहिलं की फिकं पडलेलं प्लास्टिक गरम हवेने पुन्हा काळं होतं. त्यांनी लगेच हीट गन मागवली. दिसायला ती केस वाळवायच्या मशीनसारखीच, फक्त हवा अशी की कागद करपावा. खोक्यातून ती काढताना आपल्याला लग्नात घड्याळ मिळालं होतं तेव्हासारखं वाटलं, असं त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्या बादली, टूथब्रश, शाम्पू आणि गन घेऊन हजर झाल्या. वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढली. "आधी तोंड धुवायचं. मळावर मेकअप करणारी पार्लरवाली मी नाही," असं म्हणत त्यांनी ब्रशने प्लास्टिकच्या रेघा न् रेघा घासल्या. मग रंगाच्या कडेने कागदी टेप लावायची होती, म्हणजे गरम हवा रंगाला लागू नये. इथे त्यांचा हात आडवातिडवा जाऊ लागला. मी टेप त्यांच्या हातून घेतली. सुटलेल्या पुस्तकांचे कणे चिकटवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली आहेत, त्यामुळे टेप सरळ बसली. त्या बघत राहिल्या. "तुमचा हात किती गप्प आहे हो," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी गन उचलली आणि मी घाबरले. त्यांचा हात थरथरत होता आणि त्या हातात ती आग होती. पण नळीचं तोंड प्लास्टिकजवळ गेलं, लहानलहान हेलकावे घेत पुढे सरकू लागलं आणि राखाडी रंगाखालून काळा रंग वर आला. धूळभरल्या पाटीवरून ओला हात फिरवावा तसा. काहीच लावलं नव्हतं, पुसलं नव्हतं. जे होतं तेच आतून बाहेर येत होतं. मी, जी वाचनालयात बोटाने खूण करून बोलते, मोठ्याने "अरे!" म्हणाले.

"दिसलं?" मंगलताई जवळजवळ नाचत होत्या. "ही एका जागी थांबली की प्लास्टिक जळतं. व्हिडिओतला माणूस सारखा सांगतो, हात हलता ठेवा, हात हलता ठेवा. मॅडम, माझा हात थांबतच नाही! ह्या कामाला असाच हात लागतो."

मी बघायला वाकले तर त्यांनी कोपराने मला मागे सारलं. काळं होताना बघायला थांबायचं नाही, पुढं जायचं आणि मग मागं बघायचं, हा त्यांचा नियम होता.

पण सोसायटीतल्या गाड्यांवर त्यांचं समाधान होईना. त्यांना कामाची जागा हवी होती, जिथे लोक त्यांना शोधत येतील. काशीमीऱ्याला हायवेलगत सलीमभाईंचं गॅरेज होतं. मंगलताईंनी मला बरोबर घेतलं. सलीमभाई सभ्य माणूस. त्यांनी चहा मागवला, ताईंच्या हातातला ग्लास बशीवर वाजताना पाहिला आणि नजर खाली केली. फिक्या बंपरवर आपल्याकडे डिझेलचा फडका मारतात, चमकतं, गिऱ्हाईक खूश होतं, असं ते म्हणाले. चार दिवसांनी त्यावर धूळ कशी बसते, हे ताईंनी त्यांना ऐकवलं. शेवटी ते हळू आवाजात बोलले, "बाई, बुरा मत मानना. हीट गन है, और आपका हाथ..."

"हाथ ही तो दिखाने आयी हूँ," ताई म्हणाल्या. "एक गाडी दो. बाद में प्रेशर से धोओ, शाम्पू मारो, ब्रश मारो. काला रहा तो वो कोपरा मेरा."

गॅरेजच्या पत्र्याखालचा तो कोपरा रिकामा होता. सलीमभाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मोरे नावाच्या गिऱ्हाइकाची टुरिस्ट गाडी दाखवली. मोरे रत्नागिरीकडचे, गाडीला जपणारे. गाडी सर्व्हिसला टाकून ते नाश्त्याला गेले होते. सलीमभाईंनी त्यांना फोन करून परवानगी घेतली.

ताईंनी गाडीचं तोंड धुतलं, मी टेप लावली, गन सुरू झाली. पुढचा बंपर असा काळा झाला की दोन ट्रकवाले येऊन उभे राहिले. मग मागच्या बंपरला हवा लागली आणि तो घामेजला. प्लास्टिकमधून तेल सुटू लागलं, तेलात लाल रंग पसरला आणि बघता बघता बंपरवर तांबडे ओघळ आले. जखमेसारखे. ट्रकवाले दोन पावलं मागे सरकले. सलीमभाई पुढे आले आणि त्यांनी वायरच्या स्विचकडे हात नेला. ताईंच्या चेहऱ्यावर मी त्या अर्ध्या भुवईचा दिवस पाहिला.

तेवढ्यात मोरे आले. काय झालंय हे त्यांना माझ्याआधी कळलं. दर दसऱ्याला पूजेआधी ते मागच्या बंपरला खोबरेल तेल चोळत, म्हणजे तो काळाभोर दिसे, आणि मिसेस त्यावर कुंकवाने स्वस्तिक काढत. इतक्या दसऱ्यांचं तेल-कुंकू प्लास्टिकने पोटात ठेवलं होतं. ताईंना हे सुचलंच नव्हतं. त्यांच्या घरी नव्या गाडीला हार घालत आणि बुद्धवंदना म्हणत. तेल-कुंकवाचा प्रश्नच नव्हता.

पण कारण कळल्याबरोबर त्यांचे डोळे लकाकले. "तेलकट स्किन!" त्या म्हणाल्या. "एवढंच ना?" त्यांनी मला रिक्षाने घरी पिटाळलं. पार्लर बंद केल्यावर उरलेला मुलतानी मातीचा डबा लेकीच्या माळ्यावर होता. मी तो घेऊन परत आले तेव्हा गॅरेजमध्ये जत्रा होती. ताईंनी माती कालवली आणि गाडीच्या पार्श्वभागाला जाड लेप दिला, अगदी नवरीला देतात तसा, बोटांनी गोल गोल फिरवत.

मोऱ्यांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, काय चाललंय हे माझ्या गाडीला?"

"लग्न आहे हिचं. आता वाळू द्या, हसवू नका तिला. भेगा पडतात."

सलीमभाई "बाई, ये गैराज है, पार्लर नहीं," म्हणाले खरे, पण स्विचवरचा हात त्यांनी काढला होता. लेप वाळला तसा गुलाबी होत गेला. धुतला, पुन्हा लावला, पुन्हा धुतला. मातीने तेल ओढून घेतलं आणि तेलाबरोबर कुंकू. मग ताईंनी गन उचलली. त्यांचा हात हेलकावत बंपरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि मागे काळा रंग सोडत गेला. शेवटी सलीमभाईंनी स्वतः पाण्याचा पाइप धरला, शाम्पू मारला, ब्रश मारला, आणि बंपरवरून अंगठा ओढला. आधी तो स्वतः पाहिला, मग ताईंच्या नाकासमोर धरला. स्वच्छ होता.

"कोपरा झाडून ठेवतो," ते चक्क मराठीत म्हणाले.

त्या कोपऱ्याला गॅरेजमधली सगळी माणसं पार्लरच म्हणत. उत्तनजवळच्या पाली गावाहून मासळीचे टेम्पो धुऊन येत, कारण ताईंना वास चाले पण मळ चालत नसे. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या आधी विचारत, "दसऱ्याला काय काय लावता?" आणि हे टिकणार किती, असं कोणी विचारलं की खोटं बोलत नसत. "ऊन रोज येतं. मग तुम्ही पण या. फेशियल काय जन्मात एकदाच करतात?" चहाचा ग्लास त्यांना तिथे पूर्ण भरून मिळे. सांडला तर सांडला.

गेल्या थंडीत मंगलताई बहिणीकडे नांदेडला गेल्या आणि तिथेच झोपेत गेल्या. मला लेकीने सांगितलं. गन सलीमभाईंनी माझ्याकडे पाठवली, माझीच ती असल्यासारखी.

ती मी कपाटात पुस्तकांमागे ठेवली. माझ्या गाडीवर ताईंनी केलेला काळा रंग होता, तो मला पुरेसा वाटत होता. पण ऊन रोज येतं. उन्हाळा सरता सरता आरशाखालचा भाग राखाडी झाला, मग पट्टी, मग बंपर. रोज खाली उतरले की त्यांचं काम थोडं कमी झालेलं दिसे. त्यावर आपला हात फिरवावा की नाही, हे मला ठरवता येईना.

एका रविवारी मी वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढली. तोंड धुतलं. टेप अशी बसली की छापल्यासारखी. गन सुरू केली आणि काळा रंग वर आला, तोच, त्याच घाईने. आनंदाने मी बघायला थांबले. माझा हात गप्प आहे. त्या एका जागी प्लास्टिक वितळून अंगठ्याएवढा चकचकीत डाग पडला.

मी मनगट सैल सोडलं. हात मुद्दाम हेलकावू दिला, वेडावाकडा, लहानलहान, आणि पुढे गेले. डागाकडे नाही, कशाकडेच न बघता थेट दुसऱ्या टोकापर्यंत. मग मागे पाहिलं. सगळा बंपर काळाभोर होता आणि त्यात तो एक डाग उन्हात लकाकत होता.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे सावंत गाडी लावून उतरले. त्यांच्याशी मी इतक्या वर्षांत मान हलवण्यापलीकडे बोललेले नाही. ते काहीतरी विचारणार होते, पण मी आधीच खाली बसले होते. त्यांच्या बंपरवरून अंगठा ओढला, उठले आणि तो त्यांच्या नाकासमोर धरला. नमस्कार करायचा राहूनच गेला.