उघडा जोड

“रंग खोटं बोलतो, लोखंड खरं,” असं दादा उठताबसता म्हणायचा. भाजी खारट झाली तरी हेच, पाहुण्याने केस काळे केले तरी हेच. गॅरेजमध्ये त्याला सगळे खरड्या म्हणत, आणि त्याला ते आवडे.

त्याचं कामच तसं. जुन्या गाडीचा सांगाडा लोखंडी घोडीवर चढवायचा, त्यावर रंग सोडवणारा रिमूव्हर फासायचा, आणि रंग भाजल्या कातडीसारखा फुगून आला की पत्र्याच्या पट्टीने ओरबाडायचा. मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. वरचा लाल जाई, त्याखालचा हिरवा जाई, त्याखालचा कुणाला आठवतही नसलेला करडा जाई, आणि शेवटी लोखंड धुतलेल्या कातळासारखं उघडं पडे. त्याला नुसत्या बोटाने कुणी शिवायचं नाही; घामाचा ठसा सकाळी गंजून वर येतो. त्या गॅरेजचा एक रिवाज होता. प्रायमर मारण्याआधी उघडा सांगाडा गॅरेजच्या मालकाने आणि सगळ्या कारागिरांनी येऊन पाहायचा.

दादाचा धाकटा भाऊ तिथेच वेल्डर होता. दोघे एका घरातले, एका चुलीवर जेवणारे. त्या दिवशी घोडीवर जो सांगाडा होता, त्याची मधली आडवी पट्टी चिरली म्हणून मागे धाकट्यानेच जोडली होती. दादाचा हात तिथवर पोचला तसा धाकटा शेजारी येऊन बसला.

“दादा, एवढं राहू दे.”

“का? सोन्याचं आहे?”

“जोड नीट बसला नाही. चीर झाकायला वरून पुटी भरली मी. पलीकडच्या गल्लीतला वेल्डर जेवणाच्या सुट्टीत येतोय, पक्का करून देईल. मग खुशाल उघड. गाडीलाही धोका नाही.”

“आणि तुझे हात मोडले?”

धाकट्याने डोळे चोळले. “दिसत नाही रे नीट. मधोमध डाग येतो. मालकाला कळलं तर उद्यापासून घरी बसेन.”

सुट्टी व्हायला थोडाच वेळ होता. दादाने हातातली पत्र्याची पट्टी फडक्याला पुसली, भावाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुटीखाली टोक घातलं. ढलपा निघाला. खाली जोड कसला, वेल्डिंगचे थेंब भलतीकडेच सांडले होते आणि चीर तशीच तोंड वासून होती.

“या रे, या!” त्याने हाळी दिली. “आंधळ्याने माळ ओवलीय, बघून घ्या!”

सगळे जमले. हसले. मालक हसला नाही. त्याने वेल्डिंगची एक कांडी उचलून धाकट्यासमोर धरली. “घे.”

धाकट्याने हात पुढे केला. मूठ कांडीच्या बाजूला हवेत मिटली.

“अजून एकदा.”

पुन्हा हवा. मागून कुणीतरी म्हणालं, “डास मारतोय का रे?”

मालकाने कांडी खाली ठेवली. “तोंडावरची काच आणि हातमोजे इथेच ठेवून जा.”

दादा तोवर उघडं लोखंड कोरड्या फडक्याने पुसत होता. काम अर्धवट टाकायची त्याला सवय नव्हती.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आई धाकट्याच्या पायातले बूट काढत होती, लहान पोराचे काढावेत तसे.

“तुला माहीत होतं?” दादाने विचारलं.

“मला होतं. ह्याच्या बायकोला होतं. शेजारणीलासुद्धा होतं.”

“मग मलाच का नाही सांगितलं?”

“तुझ्या तोंडाला झाकण आहे?” आईने वर पाहिलंच नाही. “डॉक्टर म्हणतो, उजेड आता थोडेच दिवस. तेवढे दिवस तरी हा कामावर जाणारा माणूस राहिला असता.”

“मी खोटं काय बोललो?”

“काहीच नाही,” भावजय म्हणाली. “म्हणूनच घरातून जा म्हणतोय आम्ही, भावोजी.”

त्याने हत्यारांची पेटी खांद्यावर घेतली. कुणी अडवेल म्हणून उंबऱ्यात जरा रेंगाळला. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मग तो डाव्या हाताच्या रस्त्याने निघाला, ताठ, मागे न बघता.

धाकटा भिंत चाचपत दारात आला. कपाळावर हात धरून तो उजवीकडे बघत राहिला. तिकडून एक हमाल खोकं घेऊन चालला होता.

“मान खाली घालून चाललाय बिचारा,” धाकटा म्हणाला.

बायको शेजारीच उभी होती. तिने डावीकडे पाहिलं, आणि नवऱ्याचं तोंड काही तिकडे वळवलं नाही.