पाठराखिणीचं उत्तर

माझी येरमाळ्याची मैत्रीण लग्न होऊन बेंबळीला गेली, तेव्हा पाठराखीण म्हणून मी सोबत गेले. नवरीबरोबर तिच्या सासरी दोन दिवस राहायचं, एवढंच माझं काम. पण आमचे बी.ए.चे शेवटचे पेपर दोन आठवड्यांवर आले होते आणि तिला बसू देणार का, यावर सासूबाई फक्त “बघू” म्हणाल्या होत्या. आम्ही दोघी आपापल्या घरातून कॉलेजात गेलेल्या पहिल्याच.

दुपारी तिचं मन रमावं म्हणून मी मोबाइलवर मैत्रिणींच्या आणि लग्नाच्या गोष्टीचा विनोदी सिनेमा लावला. आम्ही इतक्या हसलो की सासूबाई आत आल्या. नेमकी तेव्हाच सिनेमातली नवरी मैत्रिणीच्या स्कूटीवर बसून मांडवातून पळून जात होती.

“कुठं चालली गं ही?”

मैत्रिणीनं मान खाली घातली.

“पेपरला,” मी म्हणाले.

“एवढं सोनं घालून?”

“उशीर झालाय तिला.”

स्कूटी दिसेनाशी होईपर्यंत सासूबाई बघत राहिल्या. मग सुनेकडं बोट करून मला म्हणाल्या,

“हिला मातूर साध्या साडीवर पाठवू. न्यायला तूच ये, अन् पेपर सुटला की परत आणून घाल. न्हाय आणली, तर तुझ्या दारात येऊन बसते मी.”

त्या परीक्षेत मला प्रश्नपत्रिकेपेक्षा परतीची एसटी चुकण्याची भीती जास्त वाटायची.