फाटकावरचा फवारा

श्रीजगदंबेच्या चरणी मस्तक ठेवून आरंभ करते. आमच्या स्त्री-साहाय्य केंद्रात नव्याने आलेल्या मुलींनी विचारले, "बाई, महामारीत तुम्ही काय केलंत?" तोंडी सांगवले नाही. म्हणून लिहिते.

"फवारा मार रे!" आमच्या दादरच्या सोसायटीचे अध्यक्ष पहारेकऱ्याला म्हणाले.

फाटकाबाहेर एक स्त्री उभी होती. कडेवर मुलगी. ओठ फाटलेला.

"साहेब, पोर हाय संगं."

"मार म्हणतो ना!"

जंतुनाशक आधी जमिनीवर पडले. मग तिच्या पावलांवर. मग साडीवर. मुलगी खोकू लागली. मी धावत बाहेर जाऊन त्या दोघींपुढे उभी राहिले. उरलेला फवारा माझ्या लुगड्यावर आला.

तिचे खरे नाव सांगणार नाही. सुलभा म्हणू. नायगावच्या चाळीत एका खोलीत नवरा, सासू, मुलगी आणि ती. टाळेबंदीत केंद्राला कुलूप लागले, मदतीचे फोन आम्हा कार्यकर्त्यांच्या घरी येऊ लागले. पण ती बोलणार कशी? नवरा दिवसभर हाताच्या अंतरावर. मी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले होते. त्यातूनच वाट काढली. ती रोज फोनवर माझ्याकडून देवीचे स्तोत्र शिकू लागली. स्पीकर चालू. नवरा खूश. चरण सलग म्हटला, तर दिवस बरा गेला. मध्येच अडखळली, तर मार बसला. पाठाने काय लाभते ते सांगणारी फलश्रुती नेहमी शेवटी येते. ती तिने आधीच विचारली, तर जिवावर बेतले आहे आणि ती माझ्याकडे निघते आहे. पहिला फोन तिने चोरून नळावरून केला, तेव्हाच असे आमचे ठरले होते.

त्या सकाळी पहिल्या चरणालाच ती म्हणाली, "बाई, फलश्रुती सांगा ना."

मी ठरलेले उत्तर दिले. "देवी रक्षण करते."

त्या शब्दावर विसंबून ती चालत आली होती.

"काकू, तुम्ही आत या," अध्यक्ष म्हणाले. "ती नाही. चाळीतला रोग इथे नको. आणि असल्या बायकांची भांडणं आपल्यासारख्यांच्या दारात कशाला?"

आपल्यासारखे. त्या शब्दाची मला शिसारी आली.

"मग मीही आत येत नाही," मी म्हणाले, आणि तिच्याशेजारी पदपथावर बसले. वरच्या खिडकीतून कुणीतरी हसले, "काकूंना आता उतारवयात क्रांती सुचली!"

पोलीस ठाण्यात फोन केला. "आजी, सगळा स्टाफ नाकाबंदीला आहे. घरचंच भांडण ना? समजूत घाला." निवारागृहाला केला. "चाचणीचा अहवाल आणा, मग घेतो." चाचणी ताप असलेल्यांची होत होती. तिला ताप नव्हता. नुसता मार होता.

ऊन डोक्यावर आले. तिला शोधत नवरा आला. मुखपट्टी नीट लावलेली, हात जोडलेले. "माफ करा, आजी. काम सुटलंय. डोकं फिरतं कधी कधी."

"बघा, किती सभ्य माणूस!" अध्यक्ष म्हणाले.

सुलभा उठली. "बाई, तुम्ही वर जावा. तुमचं वय झालंय, तुम्हाला काय झालं म्हणजे?" मी तिचा हात धरला. पण धरून नेणार कुठे? तिनेच तो हलके सोडवला आणि मुलीला घेऊन नवऱ्यामागे चालू लागली.

त्यानंतर फोन आला नाही. मी केला, तर बंद. टाळेबंदी उठल्यावर नायगावला गेले. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "गावाला गेली वाटतं." कोणते गाव, कुणाला ठाऊक नाही. ती जिवंत आहे की नाही, हे मला आजही माहीत नाही.

पुढे एकदा जिन्यात अध्यक्ष म्हणाले, "काकू, तेव्हाची परिस्थितीच तशी होती. सोडून द्या."

क्षमा हा सज्जनांचा अलंकार, असे मी वर्गावर्गांतून शिकवले आहे. त्यांना मी क्षमा केलेली नाही.

"सोडणार नाही," मी म्हणाले. "आणि यापुढे तुम्हाला विचारणारही नाही."

माझ्या घराची दुसरी किल्ली आता केंद्रात असते. पुन्हा रोग येवो, पुन्हा टाळेबंदी येवो. जी येईल ती माझ्या घरी राहील. तिचा अहवाल मी मागणार नाही.

वाचकहो, तुमच्या घरी अन्नपूर्णा नांदो. तुमच्या लेकीसुनांवर परक्या दाराशी उभे राहण्याची वेळ न येवो. आणि कुणाची लेक तुमच्या दाराशी आलीच, तर आधी कडी काढण्याची बुद्धी जगदंबा तुम्हांला देवो.