पुसलेल्या रेषा

मशीनवर पुन्हा लाल दिवा लागला. सुमनने अंगठा ओढणीला पुसला आणि पुन्हा टेकवला. तिची कॉलेजची शिष्यवृत्ती चालू ठेवायला बोटाचा ठसा जुळवायचा आज शेवटचा दिवस होता.

“एवढं काय घासतेस गं?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“गणपती.”

आमच्या कारखान्यात मूर्तींचे हात पॉलिश पेपरने घासायचं काम माझ्या या लेकीला मीच दिलं. तिच्या हाताची सफाई गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत आलो. देवाचे तळवे गुळगुळीत होताना माणसाचं काय झिजतं, ते कधी पाहिलं नाही.

“बाबा, तुम्ही जरा बाहेर थांबता का?” सुमन म्हणाली.

मी हललो नाही. तिने एकेक बोट लावून पाहिलं. शेवटी करंगळीवर हिरवा दिवा लागला. घासताना ती तेवढीच वर उचललेली असते.