विश्वसनीय सूत्र

माझ्या दाजींचं पंचायत समितीचं तिकीट मी कापलं. मी कुठल्याच पक्षात नाही.

आमच्या ‘गोतावळा’ ग्रुपवर मी बातम्यांचा फौजदार होतो. पोशीरचे दाजी (धाकट्या बहिणीचे, सुमनचे यजमान) त्यांच्या पक्षाचं काहीही टाकायचे, की इकडे खालापुरातून मी विचारायचो, ‘बातमी कुठली? तारीख काय?’ ते बिचारे लिहायचे, ‘गावात सांगत होते.’ मी लिहायचो, ‘कुणीतरी सांगितलं, हा पुरावा नाही.’ खाली हसरा चेहरा. (आता तो चेहरा आठवला की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.)

एकदा कर्जतला चार फाट्यावर दाजी विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यासोबत चहा पिताना दिसले. त्याच दुपारी मी दाढीला बसलो. शेजारच्या खुर्चीत मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल चालवणारा एक तरुण, तोंडाला फेस.

“काय म्हनतंय वातावरण, काका?”

मला कुणी वातावरण विचारलं की राहवत नाही.

“आमचे पोशीरचे दाजी उडी मारतायत बघ.”

“नक्की?”

“अरे, सख्खा मेहुणा सांगतोय.”

संध्याकाळी त्याच्या चॅनेलवर लाल पट्टी: विश्वसनीय सूत्रांनुसार पोशीरचा बडा कार्यकर्ता पक्ष सोडणार. मी खूश! माझ्या अंदाजाला थेट चॅनेलचा दुजोरा. (ते सूत्र आत्ताच दाढी करून आलंय, हे डोक्यात आलं नाही.) लगेच ग्रुपवर टाकलं, ‘घ्या दाजी. बातमी आहे, तारीख आहे, चॅनेल आहे.’ ते एका चुलतभावाने दाजींच्या पक्षाच्या ग्रुपवर ढकललं, वर ओळ जोडून: ‘सख्ख्या मेहुण्याचाही दुजोरा.’

दोन दिवसांनी तिकीट दुसऱ्याला गेलं. दाजींनी चॅनेलवाल्याला गाठून सूत्राचं नाव विचारलं. त्याने ते मोकळेपणाने सांगितलं. आणि तो चहा? पुढाऱ्याचा जुना पॉवर टिलर विकायचा होता, दाजींना घ्यायचा होता.

भाऊबीजेला पोशीरला गेलो. पाट मांडलेला नव्हता. दाजी मागच्या दाराने शेतावर निघून गेले. सुमन उंबऱ्यातच उभी.

“सुमे, मी फक्त चॅनेलवर आलं तेच…”

“वीस वर्सं सतरंज्या उचलल्या रं त्यांनी पक्षाच्या. तू एका दाढीत संपवलंस.”

“चुकलो. पण ओवाळ तरी. भाऊ हाय मी तुझा.”

“कोन सांगतंय? तूच ना?” दार लोटत ती म्हणाली, “मंग त्याला पुरावा म्हनत नाय.”