‘थांबा’ लिहिलंय म्हणून

बसचे किस्से जमायला बस असावी लागते, असं कुणी सांगितलं? आमच्याकडे बस यायच्या आधीच ढीगभर जमले होते, आणि बस गेल्यावरही जमतायत. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की कुणीतरी एक काढतंच. त्या बसची फाइल सांभाळणारी क्लार्क मी, त्यामुळे मला तरी सगळं कळलं असेल असा लोकांचा समज आहे. खरं सांगते, मला अजूनही कळलेलं नाही.

डहाणू वाढतंय, तेव्हा शहराला स्वतःची बस हवी, ती आशागडवरून तलासरीपर्यंत जावी आणि तिचा तोटा सरकारने भरून द्यावा, अशी एकंदर योजना. नगरपरिषदेच्या ऑफिसात या कामाला आम्ही तिघं. रस्त्यांच्या विभागातून आणलेले इंजिनिअर साहेब, जीपचे ड्रायव्हर लहानूदादा आणि मी.

*

पहिला घोळ हद्दीचा. बस शहराची, पण ती हद्दीबाहेर गेली की तिचा खर्च कुणाचा? तलासरीवाले म्हणाले, बस तुमची आहे. आमचे लोक म्हणाले, प्रवासी तुमचे आहेत. वर पत्र पाठवलं, तर उत्तर आलं, ‘नियमानुसार कार्यवाही करावी.’ नियम कोणता, तेच तर विचारलं होतं.

शेवटी साहेबांनी वैतागून लहानूदादांना विचारलं, "हद्द नेमकी लागते कुठे हो?"

दादांनी विचार केला. "गाडी चालवताना कधी लागली नाय, साहेब."

*

मग अर्ज आला. सगळा इंग्रजीत. त्यात एक रकाना होता, ‘गॅप किती?’ साहेब डांबर-खडीतले गृहस्थ. त्यांनी पुन्हा दादांनाच गाठलं, कारण दादांनी पूर्वी वीस वर्षं बस चालवली होती.

"दादा, दोन बसमध्ये गॅप किती ठेवायची?"

"बस एकच हाय ना साहेब. मग गॅप कोणाशी?"

मुद्दा बरोबर होता. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘निरंक’. म्हणजे काहीही नाही.

महिन्याभराने अर्ज परत आला. खर्च आणि उत्पन्न यांच्यात जी तूट पडते, ती गॅप! ‘आपली तूट निरंक असल्याने निधीची आवश्यकता दिसून येत नाही,’ असा शेरा होता. अख्ख्या राज्यात तोटा नसलेली बस फक्त आमची होती, आणि ती अजून आलेलीच नव्हती. साहेबांना दोन दिवस डबा गेला नाही.

*

बस नव्हती, पण थांबे आले. फलकांची खरेदी वेगळ्या योजनेतून होती, ती वेळेत झाली. आशागडच्या रस्त्याला पहिला खांब उभा राहिला, त्यावर एकच ठसठशीत शब्द, ‘थांबा’. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याखाली मंजुळाकाकी बसलेली.

काकी किनाऱ्यावरची. सुके बोंबील आणि सुकट विकते. बाजाराच्या दिवशी तिला तलासरी गाठायची असते, पण टोपली दिसली की भाड्याचे जीपवाले वेग वाढवतात. वास येतो म्हणतात. मग घरी येणारा व्यापारी देईल त्या भावात माल द्यायचा, आणि तो काही दयाळू माणूस नाही.

साहेब म्हणाले, "काकी, बस अजून सुरू झाली नाही. उगाच कशाला बसलात?"

तिने वर बोट दाखवलं. "तुम्हीच थांबा लिवलाय. म्हणून थांबलीय."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी फलकाकडे बघत राहिले.

*

बस पुढे गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाडपर्यंत न्यावी का, याचा सर्व्हे झाला. सर्व्हेवाला नवखा होता, त्याला गुजराती येत नव्हतं. तिथल्या एका धाबेवाल्याला त्याने विचारलं, "बस हवी का?" त्या आठवड्यात आलेला तो तिसरा सर्व्हे. धाबेवाल्याने हात जोडले. "बस भाई, बस!"

फॉर्मवर नोंद झाली, ‘मागणी : दोन.’

*

अखेर गॅप दुरुस्त झाली आणि बस आली. तीन महिन्यांची चाचणी. वरून तपासणी होणार, बसमध्ये प्रवासी दिसले तर पैसे पुढे चालू, नाहीतर बंद. चालवायला लहानूदादाच. काकीची टोपली मागच्या सीटखाली ठरून गेली. वास यायचा, पण लोक खिडक्या उघडायचे. एकदा काकी मला म्हणाली, "पोरी, आता व्यापारी घरी आला तरी मी आत बोलवत नाय." मला फार बरं वाटलं होतं.

तपासणीच्या दिवशी बस खच्चून भरली होती. आशागडच्या पुढच्या थांब्यावर पांढऱ्या शर्टातले अधिकारी आणि त्यांची माणसं चढली. आणि काय झालं कळायच्या आत आमचे सगळे प्रवासी भराभर उतरले. काकीसुद्धा, टोपलीसकट.

"अहो, उतरताय कशाला?" मी दारातून ओरडले.

"मोठी माणसं आलीत, त्यांना बसू दे आरामात," काकी म्हणाली. "आम्ही येतो मागच्या बसने."

मागची बस! पुढच्या थांब्यांवर तर कुणी हातसुद्धा केला नाही. साहेबलोकांची गाडी आहे, असंच त्यांना वाटलं असणार.

अधिकाऱ्यांनी रिकाम्या बाकांकडे बघत वहीत लिहिलं, ‘प्रवासी : निरंक.’

*

बस बंद झाली. त्यानंतर हुकूम आला, आशागड रस्त्यावरचा फलक काढून जमा करावा. साहेबांनी मोठा पाना घेतला आणि आम्ही तिघं जीपने निघालो. नेमका बाजाराचा दिवस होता. फलकाखाली काकी बसलेली, शेजारी टोपली.

साहेब उतरले. "काकी, बस बंद झाली. कुणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं ना."

"मग?"

"बोर्ड हाय अजून."

तिने साहेबांच्या हातातला पाना बघितला, मग लहानूदादांकडे बघितलं. "मागलं दार उघड रे लहानू."

दादांनी उघडलं. टोपली माझ्या पायाशी आली. साहेब रस्त्यावर पाना घेऊन तसेच उभे. मग ते पुढच्या सीटवर येऊन बसले आणि त्यांनी खिडकी उघडली.

तलासरीहून परत आल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने अहवाल लिहिला आणि आवक-जावकला द्यायला माझ्याकडे दिला. ‘फलक काढता आला नाही. थांब्यावर प्रवासी : एक.’

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी साहेब नेहमीपेक्षा लवकर आले.

"दादा, जीप काढा," ते म्हणाले. "तो फलक काढायचा राहिलाय."

पाना आता जीपमध्येच असतो. दर बाजाराच्या दिवशी आम्ही तो फलक काढायला जातो.