केंटकीचा भूप आणि आमची रेवती

रेवतीनं फोनवर अटच घातली होती: छापील प्रोग्रॅम उघडायचा नाही, तिची रचना नुसत्या कानांनी ओळखायची. "यू विल नो, बाबा," ती म्हणाली. आमची ही सतरा वर्षांची मुलगी व्हर्माँटमधल्या एका संगीत महोत्सवाच्या विद्यार्थी शिबिरात सहा आठवडे राहिली होती आणि तिनं रचलेलं काहीतरी शेवटच्या शनिवारी ऑर्केस्ट्रा वाजवणार होता. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी इंजिनियर, बायको शालिनी मात्र नागपूरला दहा वर्षं गाणं शिकलेली. तिच्या भरवशावर मी अट मान्य केली.

न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून पहाटेच निघालात तर न्यूयॉर्कची गर्दी चुकते. पुढे कनेक्टिकटमधून एक्क्याण्णव नंबरचा हायवे सरळ उत्तरेला जातो. इतका सरळ असूनही मी एक्झिट चुकलोच. टोलसाठी सुटी नाणी हाताशी ठेवा आणि खाणं घरूनच न्या, कारण त्या काळी तिकडे शाकाहारी म्हटलं की चीज सँडविच पुढ्यात यायचं. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या पार्किंगमध्ये उभ्यानंच खाल्ल्या. हिरवळीवर बसायचं तिकीट चार डॉलर, आत खुर्चीवर दहा. मुलीसाठी आत बसलो.

महोत्सव होता अमेरिकन संगीताच्या विविधतेचा. काळे सूट घातलेली माणसं जुनं युरोपियन काहीतरी वाजवतील, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात आधी कृष्णवर्णीय चर्चगायक टाळ्या वाजवत गायले, मग एकानं बँजो घेऊन ऑर्केस्ट्रासमोर ठाण मांडलं, मग एक बाई पियानोच्या पोटात हात घालून तारा छेडू लागल्या. यातलं क्लासिकल कोणतं, असं मी शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, सगळंच. माझं डोकं चालेनासं झालं.

दुपारी विद्यार्थ्यांच्या चार रचना होत्या. पहिली संपल्यावर मी शालिनीकडे पाहिलं, तिनं नकारार्थी मान हलवली. दुसरीत एक ट्रॉम्बोन, म्हणजे लांब नळीचा पितळी कर्णा, जोरात ओरडायचा, मग सगळं चिडीचूप, मग हॉलच्या पार मागून बासरीचा बारीक सूर, की पुन्हा ओरडणं. वाजवणारा आपली जागा विसरला असावा, असं मी शालिनीच्या कानात सांगितलं. तिसरी सुरू झाली आणि तिनं माझा हात घट्ट धरला. भूप. व्हायोलिनवर स्वच्छ, सरळ भूप. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. आपल्या पोरीनं आपलं गाणं इथवर आणलं, या आनंदात चौथी रचना मी ऐकलीच नाही.

रेवती बाहेर आली तशी शालिनीनं तिला जवळ घेतलं. "काय सुंदर भूप बांधलास गं."

रेवतीचा चेहरा उतरला. "दॅट वॉज डॅनियल्स पीस, आई. तो केंटकीचा आहे. त्यांच्या डोंगरातलं गाणं आहे ते."

केंटकीत भूप कसा पोचला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण तेव्हा ते विचारायचीही लाज वाटली.

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर बसली होती. दोन तासांनी मी धीर करून विचारलं, तुझी कोणती होती?

"ट्रॉम्बोनवाली," ती म्हणाली. "तुम्ही संडेला इंडियाला फोन करता ना, बाबा? ओरडता, मग थांबता. मग काका खूप लांबून बोलतात. ते आहे."

मी पुन्हा एक एक्झिट चुकलो.

महोत्सवाला जरूर जा. गॅसच्या, म्हणजे पेट्रोलच्या, दोन टाक्यांत जाऊन येऊन होतं. रेवतीच्या रचनेची कॅसेट मी पुढे कितीतरी वेळा लावली आणि ती मला आवडते, असं आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण आम्ही परतलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी रविवार होता. साताऱ्याला भावाला फोन लावला, सवयीनं ओरडलो, "हॅलो, आई कशी आहे?" आणि त्याचा आवाज यायच्या आधीची ती शांतता मला पहिल्यांदा ऐकू आली. आमची पोरगी लहानपणापासून ती ऐकत होती.